न झाडलेली वीस पावलं

अक्काला राग यायला फारसं काही लागत नसे. कुणी डब्याच्या बाहेर केळ्याचं साल टाकलं, कुणी नुकत्याच झाडलेल्या जागेवर पचकन थुंकलं, की तिच्या तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा. "डोळे काय घरी काढून ठेवून आलात?" इथून सुरुवात व्हायची आणि समोरचा माणूस वळणाआड होईपर्यंत ती थांबायची नाही. लोक तिला टरकून असत आणि त्यामुळेच तिचा रस्ता स्वच्छ राही. बावीस वर्षं ती नगरपालिकेच्या सफाई खात्यात होती आणि बावीसही वर्षं तिच्या वाट्याला एकच रस्ता होता. खाली बसथांबा, वर मोठं सरकारी हॉस्पिटल आणि मध्ये दमछाक करणारा चढ.

त्या चढाच्या साधारण मध्यावर एक दगडी कट्टा होता. गुडघ्याएवढा उंच, वीस पावलं लांब. तो काही बसायला म्हणून बांधलेला नव्हता. तिथून पाण्याचा जुना नळ गेला होता, तो झाकायला कधीकाळी कुणीतरी दगड रचले होते, एवढंच. पण हॉस्पिटलकडे निघालेला, धापा टाकणारा प्रत्येक माणूस तिथं येऊन टेकायचाच. नकाशावर त्या कट्ट्याला नाव नव्हतं. चढणाऱ्यांच्या पायांना मात्र तो अचूक माहीत होता.

अक्काला तर त्या कट्ट्यावर कोण कोण बसून गेलं हे त्यांना न बघताही कळायचं. खालच्या टोकाला कापसाचे बोळे सापडत, मध्ये रक्ताचा एवढासा ठिपका असलेले. ते रक्त तपासून परतणाऱ्यांचे. वरच्या टोकाला बिस्किटांचा चुरा पडलेला असे, कारण तिथं सावली होती आणि आया मुलांना तिथं बसवत. आणि मध्यभागी, दगडांच्या फटींत, नंबराच्या चिठ्ठ्या. त्या कधी सरळ नसायच्या. माणसं बोटांत गुंडाळत गुंडाळत त्यांची काडी करून टाकत. आत काय सांगतील या धास्तीने रांगेत बसलेल्या माणसाच्या हातांना काहीतरी चाळा लागतोच, आणि उतरताना इथं टेकलं की ती काडी फटीत जाते. रोज साठ-सत्तर काड्या निघत. अक्का त्या खराट्याच्या टोकाने एकेक उकरून काढी आणि मनातल्या मनात म्हणे, आज साठ जणांच्या पोटात गोळा आला होता.

त्या चिठ्ठ्यांतली दर मंगळवारची एक काडी तिच्या घरातली होती.

तिचा नवरा उमेदीची सगळी वर्षं सिमेंटच्या गोदामात हमाल होता. पोती गेली मालकांच्या इमारतींत, धूळ राहिली याच्या छातीत. आता दर मंगळवारी हॉस्पिटलात जायचं, नाकातोंडावर वाफेची नळी लावून बसायचं आणि घरी यायचं. चाळीस पावलं चालला की त्याचा श्वास संपे. थांबत थांबत तो कसाबसा कट्टा गाठी आणि दहा-पंधरा मिनिटं टेकून उरलेला चढ चढे. माणूस मात्र भलताच टापटिपीचा. बसण्याआधी खिशातून रुमाल काढून दगड झटकायचाच.

"बायकोने झाडलेली जागा पुन्हा झटकता, शोभतं का तुम्हाला?" अक्का म्हणायची.

"विश्वास आहे गं," तो दोन श्वासांच्या मध्ये म्हणायचा. "नुसती खात्री करून घेतो."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग रस्ता सुंदर करायची कुणाला तरी हुक्की आली.

आधी मुकादम आला. हा माणूस तसा वाईट नव्हता, पण वरून फोन आला की खुर्चीतून उभं राहून बोलणाऱ्यांपैकी. तो म्हणाला, "अक्का, सोमवार ते बुधवार तीन दिवस पाहणी आहे. मोठमोठे लोक येणार. सकाळी सातच्या आत रस्ता आरशासारखा दिसला पाहिजे. आपल्या खात्याची अब्रू तुमच्या हातात आहे."

अब्रू म्हटल्यावर अक्काला चेव आला. तीन दिवस ती सहाच्या ऐवजी साडेचारला रस्त्यावर हजर. कट्ट्याच्या फटींत अडकलेलं कधीकाळचं सगळं तिने खिळ्याने उकरून काढलं. वर दोन बादल्या पाणी मारून दगड घासले. सात वाजता चार-पाच जण कॅमेरे आणि फीत घेऊन आले, पावणेआठपर्यंत मोजमाप करून गेले. त्यात एक तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात आराखड्याची गुंडाळी. जाताना ती अक्काजवळ थांबून म्हणाली, "मावशी, इतका स्वच्छ रस्ता मी या शहरात पाहिला नाही." अक्काने घरी जाऊन हे वाक्य नवऱ्याला चार वेळा ऐकवलं. चौथ्या वेळी तो म्हणाला, "आता भिंतीवर लिहून ठेव."

दोन महिन्यांनी बसथांब्यापाशी एक भला मोठा फलक लागला. फलकावर त्यांचाच रस्ता होता, पण ओळखू येत नव्हता. रंगीत फरशी, कुंड्यांत झाडं, कारंजं, सायकलवरून हसत जाणाऱ्या पोरी. रस्ता फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी, एकही गाडी वर जाणार नाही. अक्काने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. जिथं कट्टा असायला हवा होता तिथं फुलांचा लांबलचक ताटवा होता आणि ताटव्याला टोकेरी लोखंडी कुंपण.

खालच्या कोपऱ्यात आताच्या रस्त्याचे लहान लहान फोटो होते. त्यातल्या एकात कट्टा. ओला, चकचकीत, रिकामा. अक्काला आपलं काम शंभरात ओळखू आलं असतं. फोटोखाली दोन ओळी होत्या. तिला अक्षर लावत लावत वाचता येई, पण घाई झाली म्हणून तिने चष्म्याच्या दुकानदाराला हाक मारली. त्याने वाचलं, "जुने बांधकाम. बसण्यासाठी वापर होत असल्याच्या कोणत्याही खुणा आढळल्या नाहीत. हटविणे प्रस्तावित."

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुणा आढळल्या नाहीत! आढळतील कशा? त्या तिने स्वतः खिळ्याने उकरून काढल्या होत्या. बावीस वर्षांत तिने तो कट्टा इतका चोख झाडला नव्हता, आणि झाडला तो नेमका त्याच तीन दिवसांत. स्वतःच्या हाताने तिने नवऱ्याची बसायची जागा पुसून टाकली होती. वर त्या मुलीच्या शाबासकीने फुगून घरभर मिरवली होती. आता तिला मुलीचा राग आला, मुकादमाचा आला आणि सगळ्यात जास्त आपल्या हातातल्या खराट्याचा आला.

घरी नवरा म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? गाडी करून जाईन वर."

"गाड्या बंद आहेत नवीन रस्त्यावर."

"मग मध्ये उभा राहीन."

"उभं राहून श्वास मिळतो तुम्हाला?"

मान खाली घालून तो रुमालाची घडी घालू लागला. नेहमी काहीतरी फिरकी घेणाऱ्या माणसाची ती खाली घातलेली मान बघून अक्काला तो प्रश्न विचारल्याबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर ती तशीच, गणवेशात, नगरपालिकेच्या आराखडा विभागात गेली. तिथं टेबलावर तिचा रस्ता पुठ्ठ्याचा करून ठेवला होता. रस्त्यावर नखाएवढी पांढरी माणसं चिकटवलेली. अक्का वाकून बघत राहिली. सगळी माणसं ताठ होती. कुणी छातीला हात लावून उभं नव्हतं, कुणाच्या काखेत कुबडी नव्हती, कुणी कुणाला धरून चालवत नव्हतं. हॉस्पिटलच्या रस्त्यावर एक आजारी माणूस नाही! हे शहर बांधणारे लोक कधी आजारी पडतात की नाही, की आजारी पडले तरी गाडीतून थेट हॉस्पिटलच्या दारातच उतरतात?

ती मुलगी तिथंच होती. तिने अक्काला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. अक्काने पाण्याला हात लावला नाही.

"तिथं कुणी बसत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मावशी, आम्ही तीन दिवस पाहणी केली. एक माणूस बसलेला दिसला नाही. साधा कागदाचा कपटासुद्धा नव्हता. माणसं बसत असती तर काहीतरी पडलेलं दिसलं असतं ना?"

"मी झाडलं होतं!" अक्का इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या टेबलावरचा कारकून उठून उभा राहिला. "मी झाडलं होतं, म्हणून दिसलं नाही! मी काय करते म्हणून समजलात तुम्ही? रस्ते आपोआप स्वच्छ होतात? आणि हॉस्पिटलात तपासणी सुरू होते साडेआठला. तुम्ही पावणेआठला गाशा गुंडाळलात. त्या वेळी तिथं भुतं बसणार होती का?"

मुलगी लाल झाली. म्हणाली, "मोठ्या साहेबांच्या बैठका नऊपासून असतात, म्हणून आम्ही लवकर जातो." मग तिला स्वतःलाच ते कसंसं वाटलं असावं, कारण तिने आवाज खाली आणला. "पुढच्या मंगळवारी साहेब स्वतः शेवटचं बघायला येणार आहेत. बुधवारपासून तोडायला सुरुवात. मंगळवारी तिथं वापर होतो असं दिसलं, तर मला बोलता येईल. नुसतं सांगून ते ऐकायचे नाहीत."

"दिसेल," अक्का म्हणाली आणि उठली.

त्या दिवसापासून अक्काने बावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. ती बसथांब्यापासून झाडत यायची, कट्ट्यापाशी खराटा उचलायची, वीस पावलं चालायची आणि पलीकडून पुन्हा झाडायला लागायची.

सांगायला सोपं आहे. पण ज्या बाईला दुसऱ्याच्या घरात गेल्यावर सतरंजीवरचा दोरासुद्धा उचलल्याशिवाय चैन पडत नाही, तिने डोळ्यांदेखत घाण साठू द्यायची म्हणजे काय, हे तिचं तिलाच माहीत. पहिल्या दिवशी तिचे हात शिवशिवले. तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांच्या काड्या कट्ट्याखाली पसरल्या, कापसाचे बोळे वाऱ्याने इकडून तिकडे फिरू लागले, औषधांची रिकामी पाकिटं चमकू लागली. चष्मेवाला म्हणाला, "अक्का, हात दुखतोय का?" औषधाच्या दुकानातला म्हणाला, "वय झालं अक्काचं." एरवी असं बोलणाऱ्याची तिने सालटी काढली असती. आता ती ओठ चावून पुढे जायची.

पाचव्या दिवशी एक बाई आजारी लेकीला कडेवर घेऊन चढत आली. बसण्याआधी तिने पायातल्या चपलेने कचरा बाजूला सारला, आपल्या पदराने दगड पुसला आणि मग मुलीला टेकवलं. तो मळलेला पदर तिने पुन्हा खांद्यावर घेतला. अक्का समोरच्या बाजूने बघत होती. तिला वाटलं, त्या बाईजवळ जाऊन सांगावं, की बये, मी आळशी नाही, हे तुझ्यासाठीच करतेय. पण कोण विश्वास ठेवणार!

मुकादमाने मेमो हातात दिला. "कामात कसूर. लेखी खुलासा करावा." अक्काने तो घडी करून पोलक्यात खोचला आणि झाडू लागली.

मंगळवारी ती साडेपाचला चढ चढून आली आणि जागच्या जागी थिजली.

कट्टा लखलखत होता. दगडांवर पाणी होतं, फटी रिकाम्या, खाली एक काडी नाही. वरून मुकादमाने कट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लालपांढरी पट्टी ताणून बांधली होती, म्हणजे साहेब येईपर्यंत कुणी बसून जागा खराब करायला नको.

"माझी नोकरी घालवायला निघालात काय?" मुकादम तिला बघताच म्हणाला. "आठवडाभर गिळलं मी. चार माणसं आणि पाण्याचा टँकर आणून पहाटे धुऊन काढलं. आता तोंड बंद ठेवा, साहेब येऊन जाऊ देत. मग मी मेमोचं बघतो."

तिला रडू येत नव्हतं. तिला तो टँकर, ती पट्टी, तो मुकादम, सगळं उचलून खालच्या बसथांब्यावर फेकून द्यावंसं वाटत होतं. सात दिवस तिने आपली अब्रू मातीत घातली होती, आणि ती माती या माणसाने टँकरभर पाण्यात वाहून नेली.

साहेब सव्वाआठला आले. बरोबर पाच-सहा जण, मागे ती मुलगी. तोवर हॉस्पिटलला निघालेले लोक चढू लागले होते. पट्टी बघून ते कट्ट्यापाशी घुटमळत, भिंतीला हात लावून उभे राहत आणि पुढे सरकत. सरकारी पट्टी ओलांडायची हिंमत आजारी माणसात नसते.

साहेबांनी कट्ट्याकडे नजर टाकली. "बघा. गर्दीची वेळ आहे, तरी एक माणूस बसलेला नाही. आणि काही घाण नाही, काही नाही. फोटोत होतं तसंच आहे." त्यांनी घड्याळ बघितलं. "उद्या सुरू करा."

मुलीने अक्काकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत 'मी काय करू' असं होतं. आणि त्याच क्षणी अक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहाटे धुतलं हे खरं, पण पाणी मारायच्या आधी कचरा ओढून घेतलाच असणार. आणि वळणावरचा कचरा उचलणारी गाडी साडेआठच्या आत कधीच येत नाही.

ती पळत वरच्या वळणावर गेली. मुकादमाच्या माणसांनी पहाटे वापरलेली तिची हातगाडी तिथं उभी होती आणि गाडीतले दोन्ही डबे काठोकाठ भरलेले. सात दिवस. अक्काने गाडी उताराला लावली. तिच्या मागे चाकं खडखडत आली, लोक बाजूला झाले, मुकादम "अक्का! अक्का!" करत आडवा आला आणि बाजूला झाला. साहेबांच्या पुढ्यात तिने पहिला डबा कट्ट्यावर उपडा केला. मग दुसरा.

"काय चाललंय हे?" साहेब दोन पावलं मागे सरले.

"खुणा!" अक्का ओरडली. "खुणा हव्या होत्या ना तुम्हाला? या घ्या. हा कापूस बघा. रक्त काढून आलेला माणूस इथं बसतो, चक्कर येते म्हणून. ही बिस्किटं पोरांची, उपाशीपोटी तपासायला नेलेल्या. आणि या काड्या बघा, या चिठ्ठ्या आहेत तुमच्याच हॉस्पिटलच्या. उलगडून बघा एखादी! नंबर आहे, तारीख आहे. रोज साठ-सत्तर. बावीस वर्षं मी या झाडते आणि तुम्ही म्हणता इथं कुणी बसत नाही! फुलं लावणार आहात? लावा. पण टोकेरी कुंपण कशाला? माणूस चुकून टेकू नये म्हणून? एवढी कसली भीती वाटते तुम्हाला दमलेल्या माणसाची?"

मुकादम तिचा हात धरायला पुढे झाला. साहेब काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात पट्टी हलली.

खालून तिचा नवरा आला होता. मंगळवार होता, त्याचा दिवस. चेहरा राखेसारखा झालेला, तोंड उघडं, खांदे वर-खाली होत होते. त्याला साहेब दिसत नव्हते, मुकादम दिसत नव्हता. बायकोने सकाळी "आज जरा उशिरा निघा" म्हणून बजावलेलंही त्याच्या ध्यानात राहिलं नसावं. त्याने एका हाताने पट्टी वर केली, खालून आत आला आणि त्या ओल्या, घाणीने भरलेल्या दगडावर, कापसाच्या बोळ्यांमध्ये, मटकन बसला. रुमाल काढला नाही. रुमाल काढण्याइतका श्वास त्याच्याकडे नव्हता.

त्याच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती. त्याच्या मागोमाग एक म्हातारी पट्टीखालून आली आणि टेकली. मग काठीवाला एक. मग हात गळ्यात बांधलेला एक. पट्टी तुटून खाली लोंबू लागली.

बऱ्याच वेळाने नवऱ्याचा श्वास जागेवर आला. त्याने आजूबाजूला बघितलं, मांडीवर चिकटलेली चिठ्ठी उचलली आणि अक्काकडे मान वर केली.

"अगं," तो म्हणाला, "आज झाडायचं राहिलं का?"

ती मुलगी पुढे आली, तिने फोटो काढले, खाली वाकून एक काडी उलगडली, दुसरी उलगडली, तिसरी उलगडली आणि तिन्ही साहेबांच्या हातात दिल्या. साहेबांनी त्या बराच वेळ बघितल्या. मग "कट्टा आराखड्यात घ्या" एवढंच म्हणाले, बूट झटकले आणि नऊच्या बैठकीला निघून गेले.

कट्टा राहिला. महिन्याभराने नवा फलक लागला, त्यात कट्टाही होता. त्यावर दोन तरुण पोरं पुस्तक वाचत बसलेली दाखवली होती. अक्काने ते चित्र बघून फलकासमोरच काय ते शब्द वापरले. इथं लिहिण्यासारखे नाहीत.

मेमो मात्र रद्द झाला नाही. सार्वजनिक जागी कचरा टाकल्याचा आणखी एक त्याला जोडला गेला आणि अक्काची बदली झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदामांच्या मागच्या गल्लीत. बावीस वर्षांचा रस्ता एका कागदावर गेला. मुकादम म्हणाला, "माझ्या हातात काही नव्हतं." अक्का म्हणाली, "तुमच्या हातात कधी काय होतं?"

आता दर मंगळवारी ती काम संपवून नवऱ्याला न्यायला येते. दुपारी दोघं उतरता उतरता कट्ट्यावर टेकतात. नव्या झाडूवालीचा हात हलका आहे. ती वरवर झाडते, फटीत बघत नाही. पहिल्याच मंगळवारी अक्काचा पारा चढला. "याला झाडणं म्हणतात? लाज नाही वाटत?" असं पुटपुटत ती वाकली आणि एकेक चिठ्ठी बोटांनी उकरून मुठीत गोळा करू लागली. सात झाल्या, आठ झाल्या.

नवव्या चिठ्ठीला हात घातला आणि ती थांबली.

"काय झालं?" नवऱ्याने रुमाल झटकत विचारलं.

अक्काने मूठ उघडली. सगळ्या काड्या पुन्हा दगडांच्या फटींत टाकल्या, एकेक करून, खोल, वाऱ्याने उडणार नाहीत अशा. मग ती त्याच्या शेजारी बसली.

"काही नाही," ती म्हणाली. "राहू देत. दिसायला हव्यात."